दृष्टी आणि वाणी : मराठी ख्रिस्ती संवादाच्या इतिहासातील काही प्रसंग

दोन माणसे एकमेकांशी बोलू लागतात तेव्हा शब्दांच्या आधी त्यांच्या दृष्टी समोरासमोर आलेल्या असतात. बोलणारा ऐकणाऱ्याला काय समजतो, यावर त्याचे शब्द, त्याचा स्वर, इतकेच नव्हे तर त्याचे मौनही ठरते. आणि ऐकणारा बोलणाऱ्याला कोण समजतो, यावर त्या शब्दांचा अर्थ ठरतो. मानसशास्त्राने या विषयाचा पुष्कळ ऊहापोह केलेला आहे. त्या शास्त्राच्या खोलात न शिरता आम्ही प्रस्तुत लेखात आपल्याच ख्रिस्तमंडळीच्या इतिहासाकडे वळत आहोत; कारण मराठी भाषेत ख्रिस्ताविषयी बोलण्याचा जो चार शतकांचा प्रयत्न झाला, त्यात या सत्याची साक्ष पानोपानी सापडते. ती साक्ष थोडक्यात अशी : उपदेशकाची वाणी बदलण्यापूर्वी त्याची दृष्टी बदलावी लागते, आणि ही दृष्टी बदलण्याचे काम बहुधा श्रोताच करीत असतो.

प्रारंभी पवित्र शास्त्रातील एका प्रसंगाचे स्मरण करणे उचित होईल. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात पौल व बर्णबा लुस्त्र नगरात एका पांगळ्याला बरे करतात. जमाव तत्काळ ठरवतो की, देवच मनुष्यरूपाने उतरले आहेत. बर्णबाला ज्यूस आणि बोलण्यात पुढाकार घेणाऱ्या पौलाला हर्मेस अशी नावे देऊन लोक बैलांचा यज्ञ करावयास निघतात. प्रेषितांनी एक गोष्ट सांगितली, लोकांनी दुसरीच पाहिली. आणि थोड्याच काळात त्याच नगरात पौलावर दगड पडले. देव म्हणून पाहणे आणि शत्रू म्हणून पाहणे यांमधील अंतर किती थोडे असते, हे येथे दिसून येते. मात्र त्या गोंधळातही पौल काय बोलला याकडे लक्ष द्यावे. आदल्याच अध्यायात, यहुद्यांच्या सभास्थानात, त्याने इस्राएलाचा इतिहास सांगितला होता. लुस्त्र येथे त्याने पाऊस, ऋतू आणि अन्न यांविषयी सांगितले. समोर शेतकरी आहेत, त्यांना संदेष्टे ठाऊक नाहीत पण आभाळ ठाऊक आहे, हे त्याने पाहिले होते.

सासष्टीतील एक प्रश्न

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. ते ज्या सासष्टीत वावरले ती शांत भूमी नव्हती. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले होते. १५६७ साली सासष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये फादर रुदोल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहण्यास गेले असता, गावकऱ्यांनी त्यांना व त्यांच्याबरोबरच्या काही ख्रिस्ती लोकांना ठार मारले. पुढे पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून त्यांची हत्या केली.

या घटनेत एक गोष्ट विचार करावयास लावते. आक्वाविवा हे नुकतेच फत्तेपूर सिक्रीहून परतलेले होते. अकबर बादशहाच्या दरबारात तीन वर्षे त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांबरोबर चर्चा केल्या होत्या, आणि तेथे त्यांना पाहुण्याचा मान होता. माणूस तोच, वृत्ती तीच, संदेशही तोच. परंतु सिक्रीत ते बादशहाचे आमंत्रित अतिथी म्हणून दिसले आणि कुंकळ्ळीत, ज्यांनी आपली देवळे पाडली त्यांच्यापैकी एक म्हणून दिसले. आपल्याआधी त्या वाटेने कोण गेले होते, याचा ठसा आपल्या चेहऱ्यावर उमटलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही, समोरच्याला मात्र स्पष्ट दिसतो. त्या पाचांच्या शहादतीविषयी आदर बाळगणाऱ्यानेही गावकऱ्यांना त्या दिवशी काय दिसले हे समजून घेतले पाहिजे. तसे केल्याने आदर कमी होत नाही.

स्टीफन्स यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्या भावाला लॅटिन भाषेत एक पत्र लिहिले. त्यात कुंकळ्ळीच्या घटनेचा वृत्तांत आहे, आणि त्याच पत्रात येथील भाषांविषयी कौतुकाचे उद्गारही आहेत. या भाषांचे उच्चार गोड आहेत आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांसारखी आहे, असे त्यांनी नमूद केले. सहकाऱ्यांच्या मृत्यूचे दुःख ताजे असताना, ज्या लोकांच्या हातून तो मृत्यू आला त्यांच्या भाषेत सौंदर्य पाहणे, ही सामान्य गोष्ट म्हणता येणार नाही. पुढील तीन दशकांच्या कार्याचे बीज आम्हांस या पत्रात दिसते.

त्या कार्याचे फळ म्हणजे १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’. या ग्रंथाच्या आरंभी जो प्रसंग येतो तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. सासष्टीतील चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी तशाच प्रकारचे दुसरे काही आम्हांला का देत नाही? स्टीफन्स यांनी या प्रश्नाला शंका किंवा उद्धटपणा मानले नाही. त्यात त्यांना भूक दिसली. प्रश्नोत्तररूपाने शिकवलेली धर्मतत्त्वे बुद्धीला पुरतील. परंतु ज्या लोकांच्या घरी संध्याकाळी कथा ऐकण्याची रीत होती, त्यांचे कान रिकामे राहिले होते. ते कान भरण्यासाठी त्यांनी ओवीछंद स्वीकारला, वैकुंठ हा शब्द स्वर्गासाठी घेतला, आणि आपण मराठी का निवडली व तीत येथील लोकांच्या नित्य बोलीतील शब्द का मिसळले याचा खुलासा ग्रंथाच्या प्रस्तावनेत केला. मराठीची प्रतिष्ठा आणि श्रोत्याची समजूत, ही दोन्ही भाने त्यांनी एकाच वेळी राखली. १६४९ व १६५४ साली ग्रंथाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. गोव्याहून कानडी मुलखात स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती लोकांनी त्याच्या नकला जपल्या, आणि १९०७ साली जोसेफ साल्डाना यांनी मंगळूरहून तो पुन्हा प्रसिद्ध केला. परक्या मुलखात नेलेल्या गाठोड्यात लोकांनी हा ग्रंथ ठेवला, यापेक्षा संवाद साधल्याचा मोठा पुरावा कोणता असू शकेल?

तथापि इतिहासाने आपल्याला केवळ स्तुतिपाठक होऊ देऊ नये. तो प्रश्न ज्या रिकामेपणातून आला, तो रिकामेपणा बळाने निर्माण झाला होता. आणि क्रिस्तपुराणातही मूर्तिपूजेवर कठोर प्रहार आहेत. शिवाय प्रश्न विचारणारा ब्राह्मण आहे. सासष्टीच्या शेतात राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या नवख्रिस्ती माणसाला कोणता प्रश्न विचारावयाचा होता, हे त्या ओव्यांतून कळत नाही. प्रत्येक दृष्टीला एक कड असते, आणि कडेपलीकडे कोणीतरी उभे असते.

ही मर्यादित दृष्टीही पुढे टिकली नाही. १६८४ साली व्हाइसरॉयच्या हुकुमाने लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे असे फर्मावण्यात आले. स्टीफन्स यांना जी भाषा दार वाटली होती, ती आता भिंत वाटू लागली. मध्यंतरी भाषा बदललेली नव्हती. तिच्याकडे पाहणारे डोळे बदलले होते.

वादाचा आखाडा

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मुंबई इलाख्यात कार्य आरंभिले. १८१३ साली अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस आले. १८२९ साली स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन आले. विल्सन यांची विद्वत्ता वादातीत आहे. मराठी, संस्कृत व झेंद यांचा त्यांचा व्यासंग, शिक्षणक्षेत्रातील त्यांचे परिश्रम आणि १८७५ पर्यंतचे मुंबईतील त्यांचे दीर्घ वास्तव्य यांचे ऋण मोठे आहे. परंतु प्रारंभीच्या वर्षांत त्यांनी श्रोत्याकडे प्रामुख्याने प्रतिपक्षी म्हणून पाहिले असे म्हणावे लागते. १८३१ साली मोरभट्ट दांडेकर यांच्याशी त्यांचे जाहीर वादविवाद झाले. दांडेकरांनी हिंदुधर्माच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले, आणि विल्सन यांनी १८३२ साली त्यास उत्तर म्हणून ज्या पुस्तकाची रचना केली त्याच्या इंग्रजी नावातच हिंदुधर्म उघडा पाडण्याची भाषा होती. साताऱ्याच्या नारायणराव यांनी त्यावर लेखणी उचलली, तेव्हा १८३४ साली त्याच नावाचे दुसरे पुस्तक निघाले.

पुढे १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घातले. जॉर्ज बोएन यांनी त्या चर्चांचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. हे वाद निष्फळ होते असे आम्ही म्हणणार नाही. मराठी गद्याला त्यांतून धार आली, आणि आपल्या श्रद्धेची कारणे सांगण्याची जबाबदारी दोन्ही पक्षांवर आली. परंतु वादाचा एक धर्म असतो. ज्याच्याशी आपण वाद घालतो त्याच्या बोलण्यातील फक्त तेवढेच आपल्याला ऐकू येते, ज्याचे खंडन करता येईल. त्याच्या बोलण्यातील वेदना, भक्ती किंवा खरा प्रश्न कानाआड होतो. दोघेही एकमेकांच्या नावाने बोलत असतात. पण प्रत्येकजण आपल्याच बाजूच्या बाकांना ऐकवीत असतो.

वादाच्या या गलबल्यात काही जणांनी निराळ्या दिशेने पाहिले. १८३१ साली बेळगाव येथे जन्मलेले आणि १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी हे त्यांपैकी एक होत. त्यांच्याही लेखणीला वादाची आवड होतीच. पण १८५७ साली, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरील त्या चर्चांच्याच वर्षी, त्यांनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. शास्त्रीपंडितांवरून नजर काढून त्यांनी ती विधवेवर स्थिर केली, आणि पाहण्याचा विषय बदलताच लेखनाचा प्रकारही बदलला : खंडनमंडनाऐवजी कथा आली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ज्या ग्रंथाचा उल्लेख केला जातो, तिचा जन्म असा एका नव्या दृष्टीतून झाला.

दुसरे उदाहरण रेव्ह. नारायण शेषाद्री यांचे. हेही ब्राह्मणकुळातील, १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. विद्वानांच्या सभांत शोभेल अशी त्यांची तयारी होती. तरी त्यांनी निजामाच्या राज्यातील जालना हे कार्यक्षेत्र केले आणि मुख्यत्वे मांग समाजाच्या लोकांमध्ये ते राहिले. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांच्याशी बोलावयाचे तर प्रथम राहावयास जागा, कसावयास जमीन आणि मुलांना शाळा, हेच त्या संवादाचे पहिले शब्द होते. ज्याला आजवर कोणी माणूस म्हणून पाहिलेच नाही, त्याच्यापाशी युक्तिवादाने आरंभ करता येत नाही.

आगगाडीतील सहप्रवासी

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. त्या गृहस्थाने संस्कृत काव्याविषयी आदराने संभाषण केले आणि जाताना नव्या कराराची एक प्रत दिली. आपल्या वाङ्मयाविषयी प्रेम बाळगणाऱ्या माणसाच्या हातून आल्यामुळे ते पुस्तक टिळकांना परके वाटले नाही. ते वाचू लागले, डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या सहप्रवाशाने टिळकांत धर्मांतराचे सावज पाहिले असते, तर टिळकांनाही त्याच्यात शिकारीच दिसला असता. त्याने रसिक पाहिला, म्हणून टिळकांना मित्र दिसला.

टिळकांनी पुढे हीच दृष्टी इतरांकडे वळवली. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भावना होती. त्यामुळे वारकऱ्याकडे पाहताना त्यांना आपलाच मागचा मुक्काम दिसे. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी अभंग, भजने आणि गीते यांनी ती प्रशस्त केली, आणि आजही आपल्या उपासनेत त्यांची गीते गायिली जातात. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे मनावर घेतले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत ही त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचा अंत झाला आणि ते स्वप्न अपुरे राहिले.

टिळकांच्या संवादकौशल्याची खरी कसोटी मात्र व्यासपीठावर न होता घरात झाली. लक्ष्मीबाईंना न कळवता त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्या आघाताने काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा आपले सोवळेओवळे बरोबर घेऊनच आल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे की, टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा निकाल लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशीच लावला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्राला ख्रिस्ताची गोडी लावू पाहणाऱ्या कवीचे सर्वांत परिणामकारक प्रवचन हे असे दीर्घ मौनाचे होते. समोरच्या व्यक्तीला स्वतः पाहता येईल इतका अवकाश देणे, हाही संवादच होय.

एकच शब्द, दोन कान

येथे कोणी असा निष्कर्ष काढील की, लोकांच्या जुन्या धर्मातील शब्द व रीती स्वीकारल्या म्हणजे संवाद साधला. इतिहास इतका सोपा नियम देत नाही. पंडिता रमाबाई यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते पुरे केले आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनने ते प्रसिद्ध केले. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने पंडिती शब्द टाळले, आणि हिंदुधर्मातील कल्पना ज्यांना चिकटलेल्या आहेत असे वाटणारे शब्दही शक्य तेथे दूर ठेवले. स्टीफन्स यांना जे शब्द पूल वाटले, ते रमाबाईंना बेड्या वाटले. यात चूक कोणाची?

आम्हांस वाटते, हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. दोघांसमोर वेगवेगळी माणसे होती. स्टीफन्स यांच्यासमोर ज्याचे पुराण हिरावले गेले होते असा श्रोता होता. त्याला जुन्या शब्दांत घर दिसत होते. रमाबाईंच्या समोर मुक्तीसदनातील विधवा व दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या. त्यांनी त्याच शब्दांच्या आधारे आपला छळ झालेला पाहिला होता, आणि पंडिती मराठी तर त्यांना समजतच नव्हती. शब्दाचा अर्थ कोशात असतो तितकाच तो ऐकणाऱ्याच्या आयुष्यात असतो. दोघांनीही आधी श्रोता पाहिला आणि मग शब्द निवडला. म्हणून दोघांची कामे परस्परविरुद्ध दिसत असली तरी त्यांची रीत एकच आहे.

नेमके याच कारणासाठी दलित ख्रिस्ती विचारवंतांनी १९८० नंतरच्या काळात जी तक्रार मांडली तिची दखल घेणे अगत्याचे आहे. ख्रिस्ती विचार भारतीय वेशात मांडावयाचा म्हणजे तो ब्राह्मणी परंपरेच्या शब्दांत मांडावयाचा, असे फार काळ गृहीत धरले गेले. ज्या समाजांतून मंडळीचा बहुसंख्य भाग आला त्यांची स्मृती, त्यांची गाणी आणि त्यांचे अपमान हे ईश्वरविद्येचे विषय मानले गेले नाहीत, असे अरविंद निर्मल आदींनी दाखवून दिले. सासष्टीच्या शेतात उभ्या असलेल्या त्या माणसाचा न विचारलेला प्रश्न असा चार शतकांनंतर उच्चारला गेला.

आता आपल्या नित्याच्या सेवेकडे वळू. गोव्यात, बेळगावच्या सीमाभागात, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथे मराठीतून उपासना चालविणाऱ्या धर्मगुरूंपुढे व धर्मशिक्षकांपुढे जे श्रोते बसतात, त्यांत किती प्रकारचे कान असतात! घरात मराठी, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणारी मुले असतात. गीते तोंडपाठ असलेल्या पण अक्षर न वाचणाऱ्या आजीबाई असतात. ज्यांच्या आजोबांना चर्चमध्येही मागच्या बाकावर बसावे लागले, अशी घरे असतात. विवाहाने किंवा मैत्रीने सहज आत आलेला, बाप्तिस्मा न घेतलेला पाहुणा असतो. प्रवचन तयार करताना यांपैकी कोणाचा चेहरा आपल्या डोळ्यांपुढे असतो? जो चेहरा डोळ्यांपुढे नसतो, त्याच्याशी आपण बोलत नसतो. फक्त त्याच्या उपस्थितीत बोलत असतो.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्तरे पाठ करून घेण्याइतकेच महत्त्व प्रश्न ऐकण्याला द्यावे, आणि जो प्रश्न उद्धट वाटतो त्याकडे दुसऱ्यांदा पाहावे. सासष्टीच्या चर्चमध्ये त्या एका माणसाला गप्प बसवणे अगदी सोपे होते. अधिकार सारा पाद्रीच्या बाजूला होता. पाद्रीने ऐकून घेतले, म्हणून मराठीला क्रिस्तपुराण लाभले.